क्लाउड बदलता येईल असं सॉफ्टवेअर बांधायचं कसं? (एका बँकेने विचारलंय)

खटपट्या | शुक्र, ७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:०५

मंडळी, सल्ला हवा आहे. आम्ही पुण्यातली ९ जणांची कंपनी. पतसंस्था आणि छोट्या बँकांसाठी कर्जवसुलीचं सॉफ्टवेअर करतो: थकीत हप्ते, नोटिसा, वसुली अधिकाऱ्यांचं मोबाइल ॲप. ६ वर्षं सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर (म्हणजे त्यांच्या भाड्याच्या सर्व्हरांवर), मुंबई रीजनमध्ये सुखाने चाललंय.

आता एका मोठ्या नागरी सहकारी बँकेशी बोलणी चालू आहेत. त्यांच्या आयटी विभागाने ८७ प्रश्नांची यादी पाठवली आहे. त्यातला ६१ वा असा: "क्लाउड पुरवठादाराशी करार संपल्यास अथवा त्याने सेवा बंद केल्यास आपली प्रणाली किती दिवसांत अन्यत्र हलवता येईल? पद्धत नमूद करा."

आमचा संसार असा आहे. मुख्य ॲप जावाचं, कंटेनरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं), ईसीएस या कंटेनर चालवणाऱ्या सेवेवर. ७ लॅम्डा (वेगळे चालणारे छोटे कोड). आरडीएसवर (डेटाबेस सांभाळणारी ॲमेझॉनची सेवा) पोस्टग्रेस हा खुला डेटाबेस. वसुली भेटींच्या नोंदी डायनॅमोडीबीत, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वतःच्या डेटाबेसात. नोटिसा तयार करायला एसक्यूएसची (कामांचे निरोप ठेवणारी) रांग. नोटिशींच्या पीडीएफ एसथ्रीवर (फायलींचं कोठार), साधारण ६ टीबी. लॉगिन कॉग्निटोवर, तेही ॲमेझॉनचंच.

आमचे साहेब म्हणतात, "सगळं कुबरनेटीसवर टाका, मग कुठेही चालेल." (कुबरनेटीस म्हणजे अनेक मशिनींवर कंटेनर चालवणारं, सांभाळणारं सॉफ्टवेअर.) मला ते इतकं सोपं वाटत नाही, पण का वाटत नाही हे नीट सांगता येत नाहीये. कोणी खरोखर क्लाउड बदललाय का? काय अडलं?

मीठभाकर | ११:१२

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कुबेरनाथ | ११:४०

साहेब बरोबर बोलतात. गूगलने २०१४ मध्ये कुबरनेटीस खुलं केलं, २०१५ मध्ये १.० आलं आणि ते एका तटस्थ फाउंडेशनकडे गेलं. आज तिन्ही मोठ्या क्लाउडवर ते तयार मिळतं, स्वतःच्या मशिनींवरही चालतं. कंटेनर तोच, यामल (काय कसं चालवायचं ते सांगणारी फाइल) तीच. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. उद्या उठायचं आणि चालू पडायचं.

नीलांबरी | १२:२५

कुबेरनाथ, विंचवाच्या बिऱ्हाडात ६ टीबी पीडीएफ नसतात हो. (हलकेच घ्या.)

यामल तीच राहते हेही अर्धसत्य आहे. डिप्लॉयमेंट आणि सर्व्हिस तशीच राहते, कबूल. पण इनग्रेस (बाहेरून आत यायचं दार) बदलतं, लोड बॅलन्सरचे (गर्दी वाटून देणाऱ्याचे) ॲनोटेशन बदलतात, स्टोरेज क्लास (डिस्कचा प्रकार) बदलतो, आणि पॉडला (चालू कंटेनरला) क्लाउडमधल्या इतर गोष्टींची परवानगी देण्याची पद्धत तर सगळीकडे पूर्ण वेगळी. शिवाय ९ जणांच्या कंपनीत क्लस्टर (मशिनींचा ताफा) सांभाळणार कोण? अपग्रेड वर्षातून दोन-तीनदा मानगुटीवर बसतं. खटपट्यांचं जावा ॲप आधीच कंटेनरमध्ये आहे, म्हणजे त्यांच्या यादीतली सर्वात सहज हलणारी वस्तू तीच. साहेब हलक्या पिशवीला चाकं लावतायत आणि गोदरेजचं कपाट तसंच भिंतीला टेकून आहे.

जुना_सर्व्हर | १३:१०

माझी कहाणी सांगतो, लांब आहे.

२००९ साली आम्ही एका मोठ्या कंपनीच्या तयार सेवेवर ॲप बांधलं. नाव घेत नाही, भाचा तिथे नोकरीला आहे. सर्व्हर बघायचा नाही, नुसता कोड चढवायचा, गर्दी वाढली की ते आपोआप वाढणार. तेव्हा हे जादूसारखं वाटायचं. पण डेटाबेस त्यांचाच. त्यात जॉइन (दोन टेबलं जोडून माहिती काढणं) नाही. एका विनंतीला ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की तीच मारून टाकायची. आम्ही सगळा कोड त्या नियमांभोवती वळवला, इतका की पुढे नियम कुठे संपतो आणि आमचा धंद्याचा विचार कुठे सुरू होतो हेच कळेना. मग त्यांनी दरांची रचना बदलली. आमचं बिल तिप्पट झालं. निघायचं ठरवलं आणि १४ महिने गेले. त्यातले शेवटचे ५ महिने तर जुनं आणि नवं, दोन्हीचं भाडं भरत होतो.

तेव्हापासून माझा नियम एकच: क्लाउडची कुठलीही गोष्ट सरळ वापरायची नाही, मध्ये आपलं आवरण घालायचं. ॲलिस्टर कॉकबर्न यांनी २००५ मध्ये 'पोर्ट्स आणि अडॅप्टर्स' मांडलं ते हेच. आत धंदा, त्याची तोंडं म्हणजे पोर्ट, बाहेर त्यांना क्लाउड जोडणारे अडॅप्टर. क्लाउड बदलला की अडॅप्टर बदला.

नीलांबरी | १३:५२

काका, १४ महिन्यांबद्दल सहानुभूती आहेच. पण आवरणाची दुसरी बाजू मी भोगली आहे.

आमच्या आधीच्या कंपनीत तिन्ही क्लाउडवर चालेल असं आवरण लिहिलं होतं. डेटाबेससाठीसुद्धा. आता बघा, डायनॅमोडीबीत एक नोंद जास्तीत जास्त ४०० केबीची, गूगलच्या फायरस्टोअरमध्ये १ एमबीच्या आसपास, मायक्रोसॉफ्टच्या कॉसमॉसमध्ये २ एमबी. मग आवरणाची मर्यादा किती? सगळ्यात लहान ती. व्यवहाराचे नियम वेगळे, मग सगळ्यात कमकुवत ते. एकाही क्लाउडची चांगली गोष्ट वापरायची नाही आणि पैसे मात्र पूर्ण भरायचे. तिन्ही भावांच्या मापाने एकच सदरा शिवला, कोणाच्याच अंगाला आला नाही. ४ वर्षांत एकदाही क्लाउड बदलला नाही, आणि दोन माणसं पूर्णवेळ त्या आवरणाला ठिगळं लावत होती.

आवरण घालाच, पण ते आपल्या भाषेतलं असू दे. 'बकेटमध्ये वस्तू ठेव' असं पोर्ट नको, 'नोटीस साठव', 'नोटीस दाखव' असं हवं. बकेट हा एसथ्रीतला कप्पा, म्हणजे पहिलं ही एसथ्रीचीच नक्कल, नाव तेवढं बदललेलं. दुसऱ्यात क्लाउड कुठून डोकावायला जागाच राहत नाही.

जुना_सर्व्हर | १४:०५

हे पटलं. आमची पोर्टं पहिल्या जातीची होती हेही कबूल करतो.

आगाऊ_कार्टं | १४:११

इतक्या लवकर कबुली? या संस्थळावर हे चालत नाही. निदान ३० प्रतिसाद तरी भांडा.

शब्दपारखी | १४:३०

जरा अवांतर. 'पोर्टेबल' ला 'सुवाह्य' हा छान शब्द असताना सगळे पोर्टेबल-पोर्टेबल का करताय? आणि क्लाउडला मेघ. सरकारने आपल्या क्लाउडला 'मेघराज' नाव दिलंच आहे ना.

आगाऊ_कार्टं | १४:३३

"साहेब, मेघ गडगडला, आपली प्रणाली सुवाह्य नव्हती." नोकरी जाईल माझी.

सरिताकाकू | १४:५०

माझा मुलगा यातच आहे. दिवाळीत नरकचतुर्दशीला पंक्ती बसायच्या वेळी फोन आला आणि गेला तो लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत. करंज्या तशाच. तुम्ही बोलताय ते तेच का?

चावी_कुठाय | १५:२०

काकू, तेच, आणि तरीही ते नाही. २० ऑक्टोबरला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये डायनॅमोडीबीच्या डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) नोंदीचा घोळ झाला. आपल्याकडे तेव्हा दुपारचे बारा-सव्वाबारा. जगभरातले असंख्य ॲप आडवे झाले. तेव्हापासून जो तो 'एकाच क्लाउडवर राहू नका' म्हणतोय.

पण एक क्लाउड पडला की त्याच मिनिटाला दुसऱ्यावर चालू होणं वेगळं, आणि सहा महिन्यांत सामान गुंडाळून घर बदलता येणं वेगळं. पहिल्याला दोन्हीकडे डेटा सतत जुळता ठेवावा लागतो, खर्च जवळजवळ दुप्पट. खटपट्यांच्या बँकेने दुसरं विचारलंय. ६१ वा प्रश्न नीट वाचा: किती *दिवसांत*.

आडगावचा_आयटी | १६:४५

मी टेबलाच्या पलीकडे बसतो. (बँकेत. हीच बँक नाही, घाबरू नका.)

हा प्रश्न आमच्या डोक्यातून आलेला नसतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबद्दल निर्देश काढले, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. ज्या नागरी बँकांच्या ठेवी १,००० कोटींच्या वर आहेत त्याही त्यात येतात. बाहेर पडायची योजना त्यात मागितलेली आहे, म्हणून आम्ही तुम्हाला मागतो. सेबीनेही मार्च २०२३ मध्ये आपल्या संस्थांसाठी क्लाउडची चौकट काढली, तिथेही एकाच पुरवठादारात अडकण्याची काळजी आहे.

आम्हाला बहुतेक कंपन्या उत्तर देतात: "आमची प्रणाली कुबरनेटीसवर असल्याने क्लाउड-निरपेक्ष आहे." तपासनीसाला त्याचं काही करता येत नाही. हवं असतं ते साधं आहे. आमचा डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळेल, तो दुसरं कोणी उघडू शकेल का, किती दिवस लागतील, तेवढ्या दिवसांत वसुलीचं काम कसं चालेल, आणि तुम्ही हे *कधी करून बघितलंय का*. शेवटच्या प्रश्नाला आजवर दोनच कंपन्यांनी 'हो' म्हटलं आहे.

आणखी एक. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन फंडाचा गूगल क्लाउडवरचा खासगी क्लाउड एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसला गेला. ६ लाखांवर सभासद. तो दोन ठिकाणी चालत होता, दोन्हीकडचा गेला, कारण सदस्यता एकच. दुसऱ्या पुरवठादाराकडेही बॅकअप ठेवला होता, तो फंड पुन्हा उभा करताना कामी आला. तुमचा बॅकअप कुठे असतो, खटपट्या?

खटपट्या | १७:०२

त्याच खात्यात. 🙈

फ्रँकफर्टकर | १७:३८

डेटा बाहेर काढायच्या खर्चाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून. इथे युरोपात डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय, आणि १२ जानेवारी २०२७ पासून क्लाउड बदलण्याचं शुल्क घेताच येणार नाही. तो कायदा तुम्हाला लागू नाही. पण २०२४ च्या जानेवारीत गूगलने आणि मार्चमध्ये ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने सोडून जाणाऱ्यांना बाहेर काढण्याचे पैसे माफ करायचं जाहीर केलं आहे. अटी प्रत्येकाच्या निराळ्या, आधी विचारून परवानगी घ्यावी लागते.

माफी नाही मिळाली तरी हिशेब करा. मुंबईहून इंटरनेटवर एक जीबी काढायला साधारण ११ सेंट. ६ टीबीचे पावणेसातशे डॉलर, म्हणजे साठेक हजार रुपये. प्रचंड डेटा असेल तर हा आकडा रडवतो. तुमच्या बाबतीत अडचण ही नाहीच.

नीलांबरी | १७:५५

फ्रँकफर्टकर +१. मग घोडं कुठे अडेल ते बघू. खटपट्या, एक खासगी प्रश्न: डेटाबेसात नोटिशीपुढे पीडीएफचा काय साठवता? फक्त फाइलचं नाव, की एसथ्रीचा पूर्ण पत्ता?

खटपट्या | १८:२०

आत्ता बघितलं. पूर्ण पत्ता. https पासून, बकेटच्या नावासकट, रीजनसकट. २३ लाख ओळी. एवढंच नाही, मोबाइल ॲपही तो पत्ता सरळ वापरतंय. म्हणजे क्लाउड बदलला की सगळे पत्ते मोडले.

मीठभाकर | १८:२१

पॉपकॉर्न संपले. दुसरी पिशवी आणतो.

चावी_कुठाय | २१:१५

ते एका अपडेट क्वेरीत आणि ॲपच्या एका आवृत्तीत सुटेल, जीव टांगू नका. कोड कधीच खरा अडत नाही, कोड तुमचा आहे. ज्या वस्तूचं दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात असतं ती अडते. तुमच्या यादीत अशा वस्तू लिहिलेल्याच नाहीत.

पासवर्ड. कॉग्निटोमधून वापरकर्त्यांची नावं, ईमेल, फोन मिळतात, पासवर्डचे हॅश (साठवलेलं सांकेतिक रूप) मिळत नाहीत. म्हणजे निघायच्या दिवशी प्रत्येक वसुली अधिकाऱ्याला नवा पासवर्ड. वडूजच्या शाखेतल्या माणसाला सोमवारी सकाळी साडेआठला ओटीपी येत नाहीये असं डोळ्यांसमोर आणा. यातून वाट आहे: आधीपासून प्रत्येक लॉगिनच्या वेळी नव्या जागी हळूहळू भरत जायचं. पण त्याला काही महिने हवेत, आणि ते महिने निघायच्या *आधीचे* हवेत.

किल्ल्या. आधार-पॅन केएमएसने (ॲमेझॉनची किल्ल्या सांभाळणारी सेवा) कूटबद्ध करता ना? केएमएसमध्ये तयार झालेली मूळ किल्ली बाहेर काढता येत नाही, ती तशीच केलेली असते आणि सुरक्षेसाठी ते योग्यही आहे. म्हणजे निघण्यापूर्वी सगळं उलगडून दुसऱ्या किल्लीने पुन्हा बांधायचं. जुन्या बॅकअपांचं काय? खातं बंद झालं की ते बॅकअप म्हणजे कुलूप लावलेली पेटी, किल्ली विहिरीत.

आयपी. बँकेच्या कोअर बँकिंगशी बोलायला तुमचे आयपी (सर्व्हरचे इंटरनेटवरचे पत्ते) त्यांच्या फायरवॉलमध्ये घातलेले असणार. ते आयपी क्लाउडचे, तुमचे नाहीत. क्लाउड बदलला की प्रत्येक बँकेला नवीन अर्ज.

एसएमएसचे डीएलटी टेम्प्लेट (आधी नोंदवावे लागणारे मजकुराचे नमुने) तेवढे बँकेच्या नावावर असतात, ते सुटलात. डोमेनही तुमच्या नावावर आहे ना, एकदा बघून घ्या. मी एका ठिकाणी ते नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या खासगी ईमेलवर सापडलेलं पाहिलंय.

कुबेरनाथ | २१:४०

मान्य. कुबरनेटीस यातलं एकही सोडवत नाही. तरी टेराफॉर्म (क्लाउडवरची मांडणी फायलीत लिहून उभी करायचं साधन) वापरा, निदान काय काय आहे ते लिहिलेलं तरी राहतं.

आगाऊ_कार्टं | २१:४४

टेराफॉर्म म्हणजे तेच ना, ज्याचा परवाना २०२३ मध्ये बदलला आणि लोक ओपनटोफू काढून मोकळे झाले? रेडिस या डेटाबेसचंही २०२४ ला तेच, इलास्टिक या शोधयंत्राचं २०२१ ला. सामान हलवायला आणलेल्या टेम्पोचाच मालक बदलतो.

कुबेरनाथ | २१:५०

पण फाटे (त्याच कोडवरून निघालेल्या स्वतंत्र आवृत्त्या) फुटू शकले ना? कोड खुला होता म्हणून ओपनटोफू, व्हॉल्की, ओपनसर्च निघाले. बंद वस्तूचा फाटा काढून दाखव.

आगाऊ_कार्टं | २१:५१

निरुत्तर. झोपतो.

जुना_सर्व्हर | शनि, ८ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

रांगेबद्दल राहिलं. 'रांग म्हणजे रांग, एसक्यूएस काय आणि पबसब काय' असं समजू नका. आम्ही तसं समजलो होतो.

एसक्यूएसमध्ये निरोप उचलला की तो डीफॉल्टने ३० सेकंद इतरांना दिसत नाही. गूगलच्या पबसबमध्ये पोच द्यायची मुदत डीफॉल्टने १० सेकंद. त्यांची क्लायंट लायब्ररी ती आपोआप वाढवत राहते, पण आम्ही हुशार, ती न वापरता साध्या एचटीटीपीने ओढत होतो. आमचं काम २० सेकंदांचं. म्हणजे काम चालू असतानाच तोच निरोप दुसऱ्याच्या हातात. आवरण होतं, इंटरफेस तोच होता, सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या. आणि एका कर्जदाराला एकाच दिवशी तीन नोटिसा गेल्या. तो तिन्ही घेऊन शाखेत आला आणि म्हणाला, "एकीचा हप्ता भरतो, उरलेल्या दोन परत घ्या."

निरोप दोनदा येणारच असं धरून लिहा. नोटीस क्रमांकावर डेटाबेसातच युनिक (तोच क्रमांक दोनदा न घेणारं) बंधन घाला. मग रांग कुठलीही असो.

खटपट्या | शनि, ८ नोव्हेंबर, ९:१५

काका, बंधन आहे आमच्याकडे! या धाग्यावर पहिल्यांदाच काहीतरी बरोबर निघालं.

आज-उद्या ऑफिसात आम्ही तिघं बसणार आहोत. दुसऱ्या क्लाउडवर रिकामं खातं उघडून पुन्हा उभं करून बघतो. कळवतो.

सरिताकाकू | ९:२०

डबा घेऊन जा रे बाबांनो.

खटपट्या | सोम, १० नोव्हेंबर, १०:५०

कळवतो म्हटलं होतं, तर.

जावा ॲप सगळ्यात आधी उठलं, दीड तासात. नीलांबरीताई, तुमची हलकी पिशवी. ७ पैकी ५ लॅम्डा नुसत्या डेटाबेस हलवाहलवीच्या निघाल्या, त्या ॲपमध्येच घेऊन टाकणार आहोत. त्या वेगळ्या का केल्या होत्या हे कोणालाच आठवेना.

पोस्टग्रेसचा डंप (सगळ्या डेटाची काढलेली प्रत) शनिवारी दुपारी अडला. कोणीतरी तीन वर्षांपूर्वी एसथ्रीतून सरळ डेटा ओढणारं ॲमेझॉनचं एक्स्टेन्शन चालू करून ठेवलं होतं, ते दुसरीकडे नसतंच. काढलं, चाललं. मग थकबाकीदारांची यादी उघडली तर क्षीरसागर 'क' मध्ये आणि ज्ञानेश्वर 'ज' मध्ये जाऊन बसलेले. इथे डेटाबेस तयार करताना मराठी कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) नेमलं होतं, तिथे नेमायचं राहिलं. सॉफ्टवेअर चालतंय, एरर एकही नाही, पण शाखाधिकारी पहिल्याच दिवशी म्हणाला असता की क्षीरसागर गायब झाले.

डायनॅमोडीबीबद्दल आम्हीच आपापसात भांडलो. शेवटी मोजलं: महिन्याला ३ लाख भेटी. एवढ्याला पोस्टग्रेसमध्ये एक टेबल पुरतं. तेव्हा 'स्केल होईल' म्हणून घेतलं होतं. हलवणार.

एसक्यूएस ठेवतोय. त्याला बदली शोधायला दोन दिवस पुरतील, आजपासून आवरण नको. बॅकअप कालपासून रोज रात्री दुसऱ्या पुरवठादाराकडे जातोय, आमच्या स्वतःच्या किल्लीने बांधून. किल्ली कुठे ठेवली ते इथे लिहीत नाही, चावी_कुठाय यांनी विचारलं तरी.

कॉग्निटो हे खरं दुखणं. तिथे चार महिने धरलेत.

प्रश्न ६१ ला लिहिलंय: डेटा ३ दिवसांत पोस्टग्रेस डंप आणि पीडीएफच्या स्वरूपात, प्रणाली ४५ दिवसांत, वापरकर्त्यांच्या ओळखीचं काम झाल्यावर २० दिवसांत. खाली सराव केल्याची तारीख आणि काय काय फसलं त्याची यादी जोडली. साहेब म्हणाले फसलेलं कशाला लिहायचं. तरी लिहिलं.

आडगावचा_आयटी | सोम, १० नोव्हेंबर, १३:२५

फसलेलं लिहिलंत ते उत्तम, तपासनीस आधी तेच पान उघडतो. ४५ दिवस मात्र पुन्हा मोजा. फायरवॉलमध्ये नवीन आयपी घालायला आमच्याकडे समितीची मंजुरी लागते, आणि समिती महिन्यातून एकदाच बसते.

खटपट्या | १३:३१

दुसऱ्या क्लाउडचे आयपी आत्तापासूनच मंजूर करून ठेवता येतात का?

आडगावचा_आयटी | १३:४०

येतात. कोणी मागत नाही. या महिन्याची बैठक १८ तारखेला आहे, तुमच्या बँकेची कधी ते विचारून घ्या.